नोकरी सांभाळून लोकप्रशासनात एम.ए.: पैसे कुठून उभे करावेत?

पेठ तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत अधिकारी ताईंनी विचारलं आहे: "२०१४ साली कंत्राटी ग्रामसेवक म्हणून लागले, तीन वर्षांनी कायम झाले. पती अंबडच्या कारखान्यात आहेत, मुलगा पाचवीत आहे. नोकरी करतच लोकप्रशासनात एम.ए. करायचं आहे. नाशिकच्या एका समुपदेशकाने खासगी विद्यापीठाचा दीड लाखाचा 'एक्झिक्युटिव्ह' अभ्यासक्रम सुचवला आणि तीन वर्षांसाठी १२ टक्क्यांनी कर्जही मिळवून देतो म्हणाला. तो म्हणतो की टॅक्सही वाचेल. पती म्हणतात, पाटल्या ठेवून सोनेतारण घेऊ. सर, काय करू?"

ताई, एम.ए. जरूर करा, पण त्यासाठी कर्ज काढू नका आणि पाटल्याही बाहेर काढू नका. मी आस्थापना आणि लेखा शाखेत सव्वीस वर्षं काढली, त्याच काळात नोकरी करत याच विषयात एम.ए. केलं आणि निवृत्तीनंतर नोकरदार विद्यार्थ्यांना प्रवेश आणि खर्चाबाबत मार्गदर्शन करतो. एवढ्या वर्षांत फी परवडली नाही म्हणून शिक्षण सोडलेले मोजकेच पाहिले. परवानगी नव्हती, परीक्षेला रजा मिळाली नाही, फॉर्मची तारीख हुकली, दुसऱ्या वर्षाची फी ऐनवेळी जुळली नाही, अशा कारणांनी सोडलेले मात्र पुष्कळ. म्हणून पैशाचा विचार पहिल्या वर्षाच्या फीवर थांबवू नका, दोन वर्षांचा एकत्र करा.

आधी दीड लाखाचा मुद्दा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच नाशिकमध्ये, गंगापूर धरणाजवळ गोवर्धनला आहे. तिथे लोकप्रशासनाचं एम.ए. मराठी माध्यमातून करता येतं. इग्नू या केंद्राच्या मुक्त विद्यापीठाचाही लोकप्रशासनाचा एम.ए. आहे, इंग्रजी आणि हिंदी माध्यमातून. तो किमान दोन वर्षांचा आहे आणि पूर्ण करायला चार वर्षांपर्यंत मुदत मिळते. दोन्हीकडे फी हजारांत आहे, लाखांत नाही, आणि ती एकरकमी न भरता वर्षावर्षाने भरायची असते. चालू वर्षाचा आकडा विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्या, कोणाच्या तोंडून घेऊ नका. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते. म्हणजे सेवापुस्तकात नोंदीसाठी, नेट-सेटसाठी किंवा पुढे पीएच.डी.साठी दीड लाखाची पदवी आणि मुक्त विद्यापीठाची पदवी यांत फरक नाही. खासगी विद्यापीठ वाईटच असतं असं मी म्हणत नाही. पण तुम्हाला जी गोष्ट हवी आहे ती काही हजारांत मिळत असताना दीड लाख कशासाठी द्यायचे, याचं उत्तर त्या समुपदेशकाकडे मागा. आणि कुठेही प्रवेश घेण्याआधी त्या विद्यापीठाचा नेमका तोच अभ्यासक्रम त्याच वर्षासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का, ते स्वतः पाहा. २०२४ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशाला विद्यार्थ्याचा स्वतःचा डेब आयडी, म्हणजे याच दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, लागतो. तो तुमच्या मोबाइलवर, तुमच्या आधारने, तुम्हीच काढा. तो दुसऱ्याला काढू दिला तर प्रवेशाची सूत्रंही त्याच्याच हातात जातात.

आता कर्जाचं. समुपदेशकाने १२ टक्के सांगितले, तीन वर्षांसाठी. पण व्याज घटत्या शिलकीवर (म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावर) की सरळ (म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर), हे सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाही. कागद घ्या. दीड लाखावर १२ टक्के घटत्या शिलकीने छत्तीस हप्ते म्हणजे महिन्याला सुमारे ४,९८० रुपये, आणि तीन वर्षांत एकूण व्याज सुमारे २९,३५० रुपये. तेच १२ टक्के सरळ व्याजाने असतील तर व्याज ५४,००० आणि हप्ता ५,६६७. दर दोन्हीकडे बाराच म्हणायचा आणि फरक साडेचोवीस हजारांचा. नुसत्या व्याजाच्या या फरकात तुमच्या फीचा मोठा वाटा निघेल. सोनेतारणालाही हेच लागू. त्यात आणखी एक धोका असा की दरमहा हप्ता नसला तर मुद्दल तसंच राहतं, मुदत संपली की नूतनीकरण होतं, आणि दोन वर्षांच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पाटल्या पाच वर्षांनीही तारणातच दिसतात. तारण मी आजारपणासाठी समजू शकतो. ज्या फीला वर्षभर आधीपासून तयारी करता येते तिच्यासाठी नाही.

"टॅक्स वाचेल" हे बोलणं जरा नीट तपासू. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर ८०-ई या कलमाने वजावट मिळत आली आहे. तिला रकमेची मर्यादा नाही आणि परतफेड सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत ती घेता येते. पण ती जुन्या करपद्धतीत. नवी करपद्धत, जी २०२३-२४ पासून आपोआप लागू होते, तिच्यात ही वजावट नाही. आणि २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच शून्य होतो, पगारदारांना प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. तुमचा पगार त्याच्या खूप आत आहे. जो कर भरायचाच नाही तो वाचणार कसा? शिवाय ही वजावट बँकेच्या किंवा अधिसूचित वित्तसंस्थेच्या, शिक्षणासाठीच घेतलेल्या कर्जावर असते. पतसंस्थेचं कर्ज, सोनेतारण, नात्यातली उसनवारी यांवर ती मिळत नाही. मुलांच्या शिक्षण शुल्काची जी ८०-सी खालची वजावट सगळ्यांना ठाऊक आहे, तीही मुलांच्या पूर्णवेळ शिक्षणासाठी आहे, स्वतःच्या फीसाठी नाही.

बँकेचं खरंखुरं शैक्षणिक कर्ज ही वेगळी गोष्ट आहे. चार लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू, अशी त्याची रचना आहे. ती नियमित शिक्षण घेणाऱ्या, अजून कमावत नसलेल्या मुलामुलींसाठी केलेली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजनाही निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. शिष्यवृत्तीचंही तसंच. महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवरच्या बहुतेक योजनांना नियमित प्रवेश आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा लागते, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख आहे. तुम्हा दोघांच्या पगारात ती केव्हाच ओलांडली गेली. मुलींना फीमाफीचा २०२४ चा शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, एम.ए. त्यात येत नाही. हे सगळं लिहिलं ते तुम्ही या दारांवर हेलपाटे घालू नयेत म्हणून. तुमच्या गावातल्या नोकरी नसलेल्या पदवीधर मुलीने विचारलं, तर तिला मात्र महाडीबीटीचं पोर्टल आधी दाखवा. तिच्यासाठी उत्तर वेगळं निघू शकतं.

मग पैसा कुठून? तुमच्याच पगारातून, पण शिस्तीने. पहिल्या वर्षाची फी प्रवेशाच्या वेळी हातात हवी. महागाई भत्त्याच्या फरकाची थकबाकी येते ती घरखर्चात विरून जाते. या वेळी ती जमा झाली त्याच दिवशी वेगळ्या खात्यात वळवा. दिवाळीला सण अग्रिम मिळत असेल तर तो घ्या. १२,५०० रुपये, बिनव्याजी, दहा हप्त्यांत पगारातून कपात. याहून स्वस्त पैसा तुम्हाला कुठेच मिळणार नाही. दुसऱ्या वर्षासाठी पहिली फी भरल्याच्या महिन्यापासून बँकेत दहा महिन्यांची आवर्ती ठेव सुरू करा. टपाल खात्यातली आवर्ती ठेव इथे कामाची नाही, कारण ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. गावातल्या भगिनींची भिशी असेल आणि माणसं खात्रीची असतील तर प्रवेशाच्या महिन्याचा नंबर आधीच मागून घ्या. भिशीत असं समजून घेतात, विचारायला संकोच करू नका.

एवढं करूनही कमी पडलं तर शेवटचा पर्याय तुमची पगारदार नोकरांची पतसंस्था. तुम्ही सभासद आहात, शेअर्स जमा आहेत, हप्ता पगारातून कापला जातो. छोटं कर्ज, वर्षभरात फिटेल एवढंच घ्या. दोन जामीनदार लागतील. ज्यांनी तुम्हाला जामीन दिला त्यांना पुढे तुम्हालाही द्यावा लागतो, हे लक्षात असू द्या. राष्ट्रीय पेन्शन योजनेतून तीन वर्षांनंतर स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंत काढता येतात आणि स्वतःच्या कौशल्यवाढीचं कारण त्यात बसतं. पण ते म्हातारपणाचे पैसे आहेत. इतक्या लहान रकमेसाठी त्यांना हात लावू नका. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी सेवेत आलेल्या तुमच्या सहकाऱ्यांना भविष्य निर्वाह निधीचा परतावा अग्रिम घेता येतो, त्यांच्यासाठी तो पतसंस्थेपेक्षा बरा.

आता ज्याची कोणी नोंद ठेवत नाही तो खर्च. संमंत्रण (अभ्यासकेंद्रावरचे मार्गदर्शनाचे तास) आणि परीक्षेसाठी नाशिकला यावं लागेल. तिकिटाचा भार थोडा हलका आहे, मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. पण पेठहून करंजाळीमार्गे सकाळच्या गाडीने निघून संध्याकाळी परतायचं म्हणजे सबंध दिवस जातो. पावसाळ्यात घाटात गाडी अडकली तर पेपरची पहिली घंटा चुकते. म्हणून परीक्षेच्या दिवसांत नाशिकला नातेवाइकांकडे मुक्काम ठरवून ठेवा. मुलाला कोण बघणार, तेही आत्ताच बोलून घ्या. पुस्तकांवर फार खर्च करू नका. मुक्त विद्यापीठाचं स्वयंअध्ययन साहित्य आहे, इग्नूचं ई-ज्ञानकोशावर मोफत वाचायला मिळतं, आणि संदर्भासाठी नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० पासूनचं. तिथली वर्गणी दोन नव्या संदर्भग्रंथांच्या किमतीपुढे काहीच नाही.

सगळ्यात महाग पडते ती हुकलेली परीक्षा. तिथे मी स्वतः एक वर्ष गमावलं. परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख होती आणि कार्यालयात लेखापरीक्षण पथक बसलेलं होतं. आठ दिवसांनी आठवण झाली, विलंब शुल्काचीही मुदत गेली होती. पैशाचं नुकसान थोडं होतं, पण परीक्षेची ती बैठक गेली, आणि अभ्यासाची लय पुन्हा बसायला सहा महिने लागले. तुमचं वर्ष तर आणखी अवघड. मार्चअखेर घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली, ठरलेल्या दिवसांच्या ग्रामसभा, मध्येच निवडणुकीचं काम. त्यात नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पर्वस्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. जिल्ह्यातल्या कर्मचाऱ्यांना त्या काळात बाहेरची नेमणूक येऊ शकते आणि रजा मिळणं कठीण. त्या हंगामात येणारे पेपर कमी ठेवता येतात का, ते अभ्यासकेंद्रावर विचारा. मुदत शिल्लक असते, दोन वर्षांचं तीन वर्षांत करण्यात कमीपणा नाही. एक बैठक सोडायचीच असेल तर फॉर्म न भरता सोडा, फी भरून गैरहजर राहू नका.

हे सगळं सुरू करण्याआधी परवानगी. फीची पावती नंतर, परवानगीचं पत्र आधी. गटविकास अधिकाऱ्यांमार्फत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा. त्यात विद्यापीठ, अभ्यासक्रम, कालावधी, दूरशिक्षण पद्धत स्पष्ट लिहा. "सदर शिक्षण स्वखर्चाने व कार्यालयीन कामकाजात अडथळा न आणता पूर्ण करीन, परीक्षा कालावधीत देय रजा घेईन" हे वाक्य त्यात हवंच. पंचायत समितीच्या आवक शाखेत अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. माझ्याकडे एक वरिष्ठ सहायक आले होते. पिशवीतून गुणपत्रिका काढली, प्लॅस्टिकच्या पाकिटात, दोन्ही वर्षांच्या. प्रथम वर्ग. सेवापुस्तकात नोंद मागत होते. पूर्वपरवानगी नव्हती. त्यांनी साहेबांना तोंडी सांगितलं होतं आणि ते साहेब बदलून गेले होते. प्रस्ताव दोन वर्षं खाली-वर फिरला. नियमावर बोट ठेवणारा मीच होतो आणि आजही मला त्याचं वाईट वाटतं, कारण माणसाची चूक एका अर्जाची होती आणि मेहनत दोन वर्षांची.

अध्ययन रजेबद्दलही लोक विचारतात. १९८१ च्या रजा नियमांत ती आहे. साधारण पाच वर्षांची सेवा, एका वेळी बारा महिने, संपूर्ण सेवेत चोवीस महिने आणि परतल्यावर सेवेचं बंधपत्र. ती पूर्णवेळ शिक्षणासाठी. अर्धवेळ एम.ए.ला तुमची अर्जित रजा पुरते. ती या वर्षीपासूनच जपून वापरा. घरात कोणी केंद्र सरकारच्या नोकरीत असेल तर त्यांना एक सांगा: २०१९ च्या आदेशाप्रमाणे सेवेत असताना, कामाशी थेट संबंधित उच्च शिक्षण घेतल्यास एकरकमी प्रोत्साहन मिळतं. एका वर्षाहून मोठ्या पदव्युत्तर पदवीला २५,००० रुपये. तुमच्या जिल्हा परिषद सेवेला तो आदेश लागू नाही.

या पदवीने तुम्हाला काय मिळेल, हे खर्चाइतकंच स्पष्ट असू द्या. एम.ए. झालं म्हणून वेतनवाढ लागणार नाही. विस्तार अधिकारी पदाची पदोन्नती ज्येष्ठतेने यायची तेव्हाच येईल. समुपदेशकाने "प्रमोशन पक्कं" म्हटलं असेल तर ते खरं नाही. राज्यसेवेला कोणतीही पदवी चालते, मात्र आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली असून लोकप्रशासन वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, तिथे हा अभ्यास थेट उपयोगी. ५५ टक्के गुण पडले, राखीव प्रवर्गाला ५०, तर नेट देता येते. माझ्या मते मात्र तुमचा खरा लाभ वेगळा आहे. वसंतराव नाईक समितीचा अहवाल, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा कशा उभ्या राहिल्या, ७३ वी घटनादुरुस्ती, अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा, हे इतर विद्यार्थ्यांना पाठ करावं लागतं. पेठ तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसाचा पाच टक्के अबंध निधी कोणत्या पाड्याला, कोणत्या कामाला द्यायचा यावरची ग्रामसभा तुम्ही स्वतः घेता, इतिवृत्त तुम्ही लिहिता. पुस्तकातलं प्रकरण आणि तुमची इतिवृत्त वही शेजारी ठेवून वाचाल तेव्हा आपण रोज जे करतो ते असं का आहे, हे उलगडत जातं. मला ते वयाच्या चाळिशीत कळलं आणि पुढच्या नोकरीत मी टिपणी लिहायची पद्धतच बदलली. प्रकल्प किंवा लेखी कामासाठी विषय निवडायची वेळ आली तर हाच घ्या. माहिती गोळा करायला वेगळा खर्चही नाही, फक्त कार्यालयीन कागद वापरण्याची लेखी अनुमती घ्या.

फी भरताना पैसे विद्यापीठाच्या पोर्टलवरच, स्वतःच्या खात्यातून भरा. कोणी रोख मागितले किंवा "पेपरचं बघून घेऊ" म्हणाला तर तिथून उठा. पावतीची छापील प्रत, परवानगीचं पत्र, अर्जाची शिक्क्याची प्रत, डेब आयडी, दोन्ही वर्षांची प्रवेशपत्रं एकाच फायलीत ठेवा. निकाल लागला की महिन्याच्या आत गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत आणि परवानगीपत्र जोडून सेवापुस्तकात नोंदीचा अर्ज द्या, आणि नोंद झाल्यावर ते पान स्वतः डोळ्यांनी पाहून त्याची प्रत घ्या.